गल्लीचं माप

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं काय तेही विचारलं नाही. बावीस वर्षांची एकटी मास्तरीण परगावाहून आली म्हणजे लोक आधी हेच विचारतात. हे गृहस्थ ओट्यावर मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले होते, आणि ते तसेच मिटलेले ठेवून म्हणाले, "बाई, गल्ली चालाले कशी वाटनी?"

दोंडाईच्यापासून एसटीनं हाडं खिळखिळी केली होती. हमालानं ट्रंक एकदा आपटून तिचा कोपरा चेपवला होता. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "गल्लीसारखी गल्ली! तिला काय शिंगं फुटलीत?"

त्यांनी डोळे उघडले. "चालीसन उन्यात ना? मधूनच?"

"नाहीतर काय उडत येऊ?"

"मंग खोली तुमनी," ते म्हणाले आणि उठून किल्ली आणायला आत गेले.

शहाद्यात मला खोली मिळाली ती अशी. अजून महाराष्ट्र व्हायचा होता. आमच्या भागाला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत, आणि सिन्नरकडच्या माझ्या आईला ते काळ्या पाण्याइतकं लांब वाटत होतं. मुलींच्या शाळेत मी दुसरी-तिसरीला शिकवत असे. पुढं आयुष्यात चांगले घरमालक भेटले, भांडखोर भेटले, एक तर दर सोमवारी साबुदाण्याची खिचडी पाठवणारा भेटला. त्यांतला कुणी स्वप्नात येत नाही. हे एकटे येतात.

त्यांचं नाव सांगत नाही. गावातही ते कुणी घेत नसे, सगळे 'मापाडी' म्हणत. मी 'आबा' म्हणायची. बाजारात धान्याचे ढीग मापानं मोजून द्यायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन. धंदा सुटला तरी ही सवय सुटली नव्हती. ताटातली पहिली भाकरी लाभ, सकाळी अंगावर घेतलेला पहिला तांब्या लाभ. एकदा त्यांना विंचू चावला. मी धावत गेले तर हे भिंतीला टेकून, घामानं डबडबलेले, पहिल्या कळेला 'लाभ' म्हणत होते. अशा माणसावर हसावं की रडावं?

त्यांची बायको नव्हती. म्हणजे मेली नव्हती, आणि होती असंही म्हणता येत नव्हतं. आमच्या शाळेच्या शिपाईणबाईंनी मला दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात घेऊन सांगितलं. आखाजीचा सण. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. मोठ्या झाडांना झोके बांधतात, लेकी गाणी म्हणतात, सासरचा शीण उतरवतात. त्या वर्षी यांनी बायकोला धाडायचं नाकारलं. बोलाचाली झाली. आणि ती ऐन उन्हात, भर दुपारी, हातात एक गाठोडं घेऊन या गल्लीतून एकटीच निघाली. माहेर कळसाडीचं. कळसाडीला ती पोचली नाही. नदीत पाहिलं, विहिरींत पाहिलं, तापीकाठी प्रकाशा गावच्या घाटावर माणसं पाठवली. कुठं काही नाही. मी येण्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट.

"आणि हे तेव्हा कुठं होते?" मी विचारलं.

"बजारमा, दुसरं कोठे!" शिपाईणबाई म्हणाल्या. सगळं गाव हेच सांगायचं.

तेव्हापासून त्यांना एकच ध्यास. ती परत येईल, आणि गेली त्याच वाटेनं येईल. पण रिकाम्या गल्लीतून बाईमाणूस कसं येईल? गल्ली चालती पाहिजे. लोक येते-जाते पाहिजेत, पोरं खेळती पाहिजेत, तर तिला धीर होईल. हे त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता अगदी साधेपणानं सांगितलं. आणि गल्ली तर कोणीच चालत नव्हतं.

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. बाजाराच्या तोंडाशी गल्ली सुरू व्हायची आणि आमच्या घरापाशी संपायची. आमच्या पलीकडं नदीकडं उतरणारी पायवाट. दोन्ही बाजूंना मातीची धाब्याची घरं, आणि आमच्या घराच्या जरा अलीकडं एक कडुनिंब. बाजारात जायला याहून सरळ रस्ता नव्हता. तरी गल्लीतली माणसं परसदारानं बाहेर पडायची, गुरांच्या वाटेनं, शेण-चिखल तुडवत, वळसा घालून. दूधवाला परसदारी यायचा. पोस्टमन तर वैतागून आबांची पत्रं मागच्या भिंतीवरून आत फेकायचा, कारण पुढून आला की आधी गल्ली चालायला कशी वाटली ते सांगावं लागायचं, आणि नुसतं 'बरी' म्हणून सुटका नसायची. बरी म्हणजे कशी बरी? कुठं बरी, कुठं कमी? पाय उचलावासा वाटला का? मागं बघावंसं वाटलं का?

त्यांनी गल्लीसाठी काय कमी केलं होतं? पहाटे झाडायची, उन्हं चढायच्या आत पाणी शिंपायचं. नगरपालिकेत खेटे घालून गटार बांधून घेतलं होतं, कंदिलाचा खांब बसवून घेतला होता. एकदा एक मेंबर पाहणीला आले. टोपी सारखी करून त्यांनी सांगितलं, "गावात अशी गल्ली नाही हो, मापाडी! उत्तम!" आणि चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "मागून जायला वाट कुठून आहे?" आबांनी कपबशी उचलली. मीच म्हटलं, "उत्तम रस्ता पुढून आहे, साहेब." साहेब हसले आणि मागून गेले.

मी म्हणायची, लोक भुताला भितात, झालं. पण गंमत अशी की भुताचं नाव कोणी काढतच नव्हतं. अशी गल्ली दुसऱ्या गावी असती तर एव्हाना हिरवं लुगडं, उलटे पाय, सगळा थाट तयार झाला असता. इथं विचारलं की माणसं सरळ डोळ्यांत बघून म्हणायची, "गल्लीले काय व्हयनं? चांगली शे." आणि बोलता बोलता विषय कापसावर न्यायची.

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, आणि मी पहिल्यांदा ऐन दुपारी त्या गल्लीतून घरी आले.

खानदेशातलं वैशाखातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगू? त्या वेळी सगळं शहादं दारं-खिडक्या घट्ट लावून, ओली पोती टांगून, अंधारात पडलेलं असायचं. वाटेतली सगळी दारं बंद होती. गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाहते तर इथली सगळी दारं किलकिली. एकाही घराला कडी नाही. गरम झळा सरळ आत शिरत होत्या, आणि दारं आपली बोटभर, वीतभर उघडी. आतून आवाज येत होते. कुठं पाळणा कुरकुरत होता, कुठं सुपात काही पाखडत होते. मी चालायला लागले आणि ज्या दारासमोर येईन त्या घरातला आवाज थांबायला लागला. पाळणा थांबला. सूप थांबलं. पुढं गेले की मागचा आवाज सुरू नाही व्हायचा. असं एकेक घर गप्प करत मी कडुनिंबापर्यंत आले तेव्हा सगळी गल्ली श्वास धरून बसल्यासारखी झाली होती, आणि प्रत्येक फटीमागं कोणीतरी उभं आहे हे मला पाठीला कळत होतं. मी मोठ्यानं बाराचा पाढा म्हणायला लागले. हसू नका. तुम्ही असता तर रामरक्षा म्हटली असती.

ओट्यावर आबा डोळे मिटून बसलेले.

"मधी थांबन्यात, बाई," ते म्हणाले.

"मुळीच नाही. मी कशाला थांबू?"

"लिंबखाले थांबन्यात. सगळाच थांबतस."

कडुनिंबाखाली थांबल्याचं मला आठवेना. खरंच आठवेना. थांबले असेन तर का, हेही कळेना. रात्री जेवण गेलं नाही. त्या घरात राहायचा आबांचा एक नियम होता, दुपारी पुढच्या दाराला कडी घालायची नाही. तोवर मला तो म्हाताऱ्याचा लहरीपणा वाटत होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, सगळ्या गल्लीचा एकच नियम असेल तर तो लहरीपणा कसा?

दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी आबा गल्लीचं माप घ्यायचे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव त्यावर हसायचं, पण आबांच्या समोर नाही. काखेत ज्वारीची थैली, हातात सूप, सुपावर उपरणं झाकलेलं. प्रत्येक घरी जायचं, घरच्या बाईला मूठभर ज्वारी द्यायची आणि विचारायचं, "गल्ली चालाले कशी वाटस?" चांगली वाटत असेल तर तिनं उपरण्याखाली हात घालून मूठ सोडायची. वाटत नसेल तर मूठ तशीच बंद ठेवून पदराआड न्यायची आणि ती ज्वारी कोंबड्यांना घालायची. कुणाची मूठ सुटली, कुणाची नाही, कुणाला कळायचं नाही. आबा स्वतः त्या वेळी दुसरीकडं बघायचे. "तोंडनं माप खोटं," ते म्हणायचे, "मूठनं खरं." सगळी घरं झाली की ओट्यावर बसून सुपातली ज्वारी अधोलीच्या मापानं मोजायची.

आणि दरवर्षी माप शिगोशीग भरायचं. एक मूठ कमी नाही.

पहिल्या वर्षी मी ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्या वर्षी त्यांचं तोंड पाहिलं. जन्मभर मापावर जगलेला माणूस, आणि आपलंच माप त्याला चकवत होतं. माप सांगतं गल्ली चालती आहे, आणि गल्ली तर पुढं ओस पडलेली. भरलेली अधोली ते हातात घेऊन बसले होते. "बाई, मन्हं माप चुकस का?" त्यांनी विचारलं. बाजारात त्यांच्या मापावर कुणी बोट ठेवलं असतं तर त्यांनी डोकं फोडून घेतलं असतं, तो माणूस मला, कालच्या पोरीला, हे विचारत होता. 

मी म्हटलं, "माप चुकत नाही आबा, प्रश्न चुकतो. मी वर्गात विचारते, पोरींनो, गणित समजलं का? सगळ्या एका सुरात हो म्हणतात. समजलेलं एकीलाही नसतं. मग मी विचारते, शेजारणीला शिकवशील का? लगेच माना खाली."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यांना त्यांचं विचारू नका. आखाजीला लेकी माहेरी आल्यात ना? विचारा, तुझ्या लेकीला या गल्लीतून, भर दुपारी, एकटीला धाडशील का?"

आबांनी अधोली उपडी केली. मग थैलीत ज्वारी परत भरायला लागले. "चाला," म्हणाले.

"आत्ता? या उन्हात?"

"भर दुपारनं इचारनं शे तर भर दुपारले इचारू."

असा तो माणूस. सूप त्यांनी माझ्या हातात दिलं आणि थैली काखेत मारली.

पहिलं घर झालं. बाईनं प्रश्न ऐकला, माझ्याकडं पाहिलं, उपरण्याखाली हात घातला, काढला. दुसरं घर. तिसरं. मी सूप धरून चालत होते, म्हणून मला आधी कळलं. सूप जड होईना. बायका हात घालत होत्या, काढत होत्या, पदराआड नेत होत्या, आणि सूप आणलं तसं हलकं. एका घरात झोक्यावरची हसरी लेक आईच्या मागं येऊन उभी राहिली, आणि आईनं आधी तिचा दंड धरला, मग उपरण्याखाली हात घातला. उपरणं वाऱ्यानं आत दबायचं आणि खाली सूप रिकामं असल्याचं दिसायचं. मी आबांकडं बघायचं टाळलं. आम्ही दोघं दारादारानं असे निघालो होतो की जणू गल्लीच आम्हाला काहीतरी सांगत होती आणि आम्ही ते ऐकायला उशीर केला होता. मला परत जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

शेवटचं घर कडुनिंबाखालचं. तिथं एक म्हातारी राहायची, तिला सगळी गल्ली मोठी माय म्हणायची. तिची लेक नवापूरकडं दिलेली, कालच आली होती, आत निजली होती. आबांनी मूठ दिली, प्रश्न विचारला आणि तोंड फिरवलं. मोठ्या मायनं उपरण्याखाली हात घातला. तो बाहेर येईना. माझ्या हातातल्या सुपात तिची घट्ट मिटलेली मूठ मला कापडाखाली दिसत होती.

"माय," मी हळूच म्हटलं, "हात काढा."

"मापाडी," ती म्हणाली, "आतेपावत तू मन्हं इचारं. आज मन्ही लेकनं इचारं. आते खोटं बोलता येवाव नही."

आबा वळले.

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. तिला मधेमधे धाप लागत होती.

भर दुपारी हडळ दाराशी येते आणि बाईच्या आवाजात हाक मारते, असं मानतात. पण ती दोनदाच मारते. तिसरी हाक तिला मारता येत नाही. म्हणून ऐन दुपारी कोणी हाक मारली तर कडी काढायची नाही, तिसऱ्या हाकेची वाट पाहायची. जिवंत माणूस असेल तर तिसरी मारील. माझ्या आईनंही मला हे शिकवलं होतं, फक्त आमच्याकडं ते रात्रीचं होतं. मी शिकलेली आहे म्हणून नाक मुरडणार नाही. अंधाऱ्या खोलीत एकट्या बाईनं दाराबाहेरची हाक ऐकली की अक्कल कुठं जाते ते मला ठाऊक आहे.

त्या दुपारी मापाड्याच्या बायकोला ऊन लागलं. बाजाराच्या तोंडापर्यंत जाऊन ती मागं फिरली आणि दारोदार पाणी मागू लागली. "माय, पानी दे वं." प्रत्येक दारी दोनदा. घरोघरी बायका कडीवर हात ठेवून तिसऱ्या हाकेची वाट बघत उभ्या राहिल्या. ती मुळातली भिडस्त. दोनदा मागून कोणी दिलं नाही तर तिसऱ्यांदा मागणारी बाई नव्हती. ती पुढच्या दारी गेली. तिथंही दोनदा.

"दोन हाका मी ऐक्यात," मोठी माय म्हणाली. "तिसरी उनी नही. फटीमातीन दखं, ती लिंबखाले बठेल व्हती. तोंड लालभडक. तरी मी कडी काढी नही, मापाडी. मले वाटनं, तेच हडळनं रूप शे."

"मंग?" आबांनी विचारलं.

"मंग उठनी. तुन्हा घरकडे गयी. पुढे मी दखं नही."

सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. एकीनं दुसरीला सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकीला ठाऊक होतं. त्या वर्षापासून त्या गल्लीत दुपारी कोणी कडी घातली नाही. कोणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला उघडता यावं म्हणून. आणि त्या उघड्या दारांसमोरून चालायचं धाडस मात्र कोणालाच झालं नाही, ना बाहेरच्यांना, ना आतल्यांना.

मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, किंवा म्हातारीच्या अंगावर धावून जाईल. तसं झालं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण आबांनी तिची मूठ सुपातून हलकेच बाहेर काढली, मिटलेलीच, आणि तिच्या पदराखाली ठेवली. मग त्यांनी फक्त एक विचारलं.

"आवाज वळखा व्हता का तू?"

मोठी माय रडायला लागली. "नही वं माय," ती मला म्हणाली, त्यांना नाही. "वळखता तर उघाडं नसतं का?"

आबांनी मान हलवली.  "खरं शे," म्हणाले. "तुम्ही वळखा नही."

संध्याकाळी ते परत प्रत्येक घरी गेले. प्रत्येक बाईला एकच सांगितलं, उद्या दुपारी कवाडं लावा, कड्या घाला, त्या दिवशी घातल्या होत्या तशा. कोणी का म्हणून विचारलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, "बाई, तुम्हीबी. आतून कडी."

"पण आपल्याकडं कडी घालायची नाही ना?"

"उद्या घालानी."

आखाजीची दुपार. घरोघरी पुरणाचा वास सुटलेला, पण लेकींची गाणी थांबलेली. मी आमच्या घरात कडी घालून बसले. गल्लीत एवढी दारं लागलेली मी कधी ऐकली नव्हती. एकामागून एक कड्या वाजल्या, आणि मग काही नाही. माश्यासुद्धा गप्प.

खूप लांबून, बाजाराच्या तोंडाशी, आबांची हाक आली. "माय, पानी दे."

एकदाच. कडी निघाल्याचा आवाज आला. भांड्याचा आवाज आला. मग पावलं. पुढच्या दारी पुन्हा एकदाच, "माय, पानी दे." कडी निघाली. तिनं दोन हाका मारून ठेवल्या होत्या. तिसरी हे मारत होते, प्रत्येक दारी, आणि प्रत्येक दार उघडत होतं. कोणी रडत होतं. एक पोर घाबरून किंचाळलं आणि गप्प झालं. आबा प्रत्येक घरचं पाणी पीत होते. जसजसे जवळ येत गेले तसतसा त्यांचा आवाज बदलत गेला. खरंच सांगते, कडुनिंबापाशी आले तेव्हा तो त्यांचा राहिला नव्हता. इतकं पाणी पिऊनही घसा कोरडा पडलेल्या माणसाचा, बारीक, लाजत मागणाऱ्याचा आवाज. 

मोठ्या मायची कडी निघाली. ती शेवटची. मला वाटलं, संपलं. आता ते येऊन ओट्यावर बसतील आणि मी त्यांना धरून आत आणीन.

पावलं ओट्यावर चढली. दाराशी थांबली. मी उठून कडीवर हात ठेवला. बाहेर कोणी बोलेना. मी आत, ते बाहेर, मध्ये फळी, आणि मला काढवेना. हात कडीवर तसाच. कशाची वाट बघत होते कुणास ठाऊक.

मग हाक आली. ती 'माय, पानी दे' नव्हती. ती त्या कोरड्या, बारीक आवाजात होती.

"घरमा शेतस का?"

बायको नवऱ्याला मारते ती हाक. मी कडी काढली.

आबा उभे होते. दाढी, सदरा, सगळं पाण्यानं चिंब. त्यांच्या मागं सगळी गल्ली बाहेर आली होती, बायका, लेकी, पोरं, भर उन्हात, गल्लीच्या मधोमध. इतकी माणसं त्या गल्लीत मी पहिल्यांदा पाहत होते. मी पाण्याचं भांडं पुढं केलं. त्यांनी ते पाहिलंच नाही. ते माझ्या खांद्यावरून आत बघत होते, भिंतीशी लावलेल्या रिकाम्या बाजेकडं.

"शे," त्यांनी उत्तर दिलं. "घरमाच शे. बजारमा नव्हतू."

मोठी माय पुढं आली होती, ती जागीच थांबली.

"आवाज वळखा मी," आबा त्या बाजेला म्हणाले. "पहिलीच हाकले वळखा. पन रागमा व्हतू. म्हंतलं, तिसरी मारू दे."